उलव्याचं गेस्टहाऊस: खोली बेताची, अंगण नामी

इथे कुणी येऊ नये ते आधी सांगते. अटल सेतू बघायला निघालेल्यांनी, विमानतळाजवळ एका रात्रीपुरती स्वस्त खोली शोधणाऱ्यांनी आणि लहान पोरं, सासू-सासरे असा लवाजमा घेऊन फिरणाऱ्यांनी येऊ नये. गव्हाण फाट्याकडचे ट्रेलर रात्रभर घरघरत असतात. २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली, त्यामुळे आता डोक्यावरही शांतता नाही. खिडकी उघडी राहिली तर संध्याकाळपर्यंत टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ बसते. खोलीत टीव्ही नाही, वर जायला लिफ्ट नाही, आणि बाल्कनीतून दिसतं ते एक अर्धवट बांधलेली इमारत आणि तिच्यावरची क्रेन.

पण ज्यांची स्वतःची गाडी न्हावा-शेव्याच्या बंदरातून बोटीने परदेशी जायची आहे, किंवा तिकडून आलेली गाडी सोडवून घ्यायची आहे, त्यांना मुंबई-ठाणे-पनवेल पट्ट्यात याहून बरी जागा मला तरी ठाऊक नाही.

मी स्वतः गुहागरला होमस्टे चालवते. त्यामुळे कुठेही उतरले तरी पाहुण्यासारखी बसूच शकत नाही, आधी उशीचा अभ्रा उलटून बघते आणि मग न्हाणीत पाणी ओतून ते कुठे जातं ते बघते. आमचे हे एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झाले, फंडाच्या पैशातून फोर्स कंपनीची गुरखा जीप घेतली आणि ती मोंबासाला पाठवून पूर्व आफ्रिका फिरायचं खूळ डोक्यात घेतलं. केनिया-टांझानियात आपल्यासारखीच गाडी डावीकडून चालवतात, एवढ्या एका मुद्द्यावर मी होकार दिला. बाकीचे मुद्दे नंतर कळले.

तर अंगण. गेस्टहाऊस म्हणजे खरं तर हे अंगणच आहे, खोल्या त्याच्या कडेला चिकटवलेल्या आहेत. मालक आगरी, इथलेच. सगळे त्यांना दादा म्हणतात, आम्हीही म्हणालो, वयाने ते आमच्या ह्यांच्याहून लहान असले तरी. जमीन गेलेल्यांना सिडकोच्या साडेबारा टक्क्यांच्या योजनेत मिळालेला भूखंड आजूबाजूच्यांनी बिल्डरला दिला आणि फ्लॅट घेतले, यांनी तो तसाच ठेवला. तरुणपणी दादांनी बंदरात ट्रेलर चालवला. वळायला किती जागा लागते हे ज्याला स्टिअरिंगवर बसून कळलंय, त्यानेच असं फाटक बसवावं. सरकतं आहे, चाकांवर, आणि ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं युरोपातलं चाकांवरचं घरसुद्धा एका दमात आत येतं. वर कुठे केबल लोंबकळत नाही. जमिनीवर खडी आणि तिच्यावर रोलर फिरवलेला, त्यामुळे पावसात चिखल होत नाही. मोटरसायकलवाल्यांसाठी साइड स्टँडखाली ठेवायला लोखंडी पट्टीचे चौकोनी तुकडे एका बादलीत ठेवलेत. सामानाने लादलेली बाईक मऊ जमिनीत कलंडली की काय होतं हे ज्याने एकदा पाहिलंय, त्याला त्या बादलीची किंमत कळेल.

आणि अंगणाच्या मधोमध ती चौकट. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं झोपाळ्याची आहे. जाड पाइपची, पिवळी रंगवलेली, उंची २.२८ मीटर, रुंदी २.३४. म्हणजे वीस फुटी साध्या कंटेनरचं दार. आल्या आल्या दादा चहाच्याही आधी गाडी त्या चौकटीकडे न्यायला लावतात. "आधी गारी मापा, मंग बॅगा उतरवा." आमची गुरखा मुळात दोन मीटरहून उंच, वर कॅरिअर आणि त्यावर छतावरचा तंबू. तंबूचा कोपरा पाइपला टण्णकन लागला आणि यांचा चेहरा पडला. एजंटने फोनवर "बसेल हो, सगळ्या बसतात" असं सांगितलं होतं. बंदराजवळच्या यार्डात, फोर्कलिफ्टवाला घड्याळाकडे बघत उभा असताना हे कळण्यापेक्षा इथे चहाच्या आधी कळलं ते बरं. उंच दाराचा कंटेनर मिळतो, पण तो चाळीस फुटी, आणि एका गाडीसाठी चाळीस फुटांचं भाडं भरायला आमचा काही कारखाना नाही.

मग चेनकुप्पी आली, म्हणजे साखळी ओढून वजन उचलायची कप्पी. पत्र्याच्या शेडला आडवा गर्डर आहे, त्याला ती कायमची टांगलेली आहे. तंबू आणि कॅरिअर उचलून दोन लाकडी घोड्यांवर ठेवलं, नटबोल्ट एका डब्यात भरून डब्यावर खडूने गाडीचा नंबर लिहिला. आमचे हे एवढी वर्षं एसटीत पाने फिरवलेले, पण त्यांना पाना मागावा लागला नाही. भिंतीवर फळी, फळीवर प्रत्येक पान्याची आकृती काढलेली, ज्याचा पाना जागेवर नाही त्याची रिकामी आकृती दिसते. "आमच्या डेपोत हे असतं तर," एवढंच म्हणाले आणि गप्प झाले.

चौकटीच्या पुढे जमिनीवर कंटेनरच्या आतल्या मापाच्या दोन पांढऱ्या रेघा मारल्या आहेत आणि कडेला बांबू रोवले आहेत. गाडी त्यांच्यामध्ये नेऊन थांबवायची आणि मग बाहेर पडून दाखवायचं. गुरखाच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरते, दार उघडतच नाही. आरसे मिटायचे, सीट मागे ढकलायची आणि मागच्या दारातून रांगत बाहेर यायचं. साठी उलटलेला माणूस गाडीच्या मागच्या दारातून पाय आधी काढतोय आणि अंगणात बसलेली चार देशांची माणसं त्याला सूचना करतायत, हा कार्यक्रम मी फोनमध्ये टिपून ठेवला आहे. घरच्या ग्रुपवर टाकायला मात्र मनाई आहे.

आता खोली. इथे मी हात आखडता घेणार नाही, कारण हा माझाच धंदा आहे. पलंग बरा, गादी कडक, ती माझ्या पाठीला चालली. खिडकीची जाळी एका कोपऱ्यात उसवलेली, आणि खाडी जवळ असताना उसवलेली जाळी म्हणजे डासांना आमंत्रण. वहिनींना सांगितलं तर त्यांनी मच्छरदाणी दिली, जाळी तशीच. न्हाणीचा उतार उलटा आहे, पाणी दाराकडे येतं. पाय पुसायला टाकलेली गोणपाटाची चादर त्यामुळे सदैव ओली. गीझर एवढासा की एका माणसाची आंघोळ होते, दुसऱ्याने वाट बघायची. वायफाय अंगणात धावतं, खोलीत रांगतं.

पण चादरी बघितल्या आणि म्हटलं, बाईला धंदा कळतो. सगळ्या गडद तपकिरी आणि निळ्या, टॉवेलसुद्धा. मी माझ्याकडे हौसेने पांढरेशुभ्र ठेवते आणि दर मोसमात चार फेकते. इथे येणाऱ्याचे हात ग्रीसचे, नखांत चेनचं तेल. खोलीत शिरायच्या आधी बाहेरच मोरी आहे, तिथे कपडे धुण्याची पावडर आणि लाकडाचा भुसा कालवून ठेवलेला डबा. मूठभर घ्या, चोळा, हात साफ. बूट ठेवायला मांडणी व्हरांड्यातच, आणि रायडिंगची जाकिटं वाळवायला शेडखाली दोरी आणि एक म्हातारा पेडेस्टल पंखा. जाकीट खोलीत नेऊ नका असं वहिनी स्पष्ट सांगतात. महिनाभर घामेजलेल्या जाकिटाचा वास एकदा गादीत शिरला की उन्हाला घालूनही जात नाही, हे मला गुहागरात कळलेलं आहे.

पाणी हेटवण्याचं, सिडकोकडून, आणि दाब बेताचा. म्हणून गाडी धुवायला पाइप मिळत नाही, बादली मिळते. अपवाद एकच: ऑस्ट्रेलियाला जाणारी गाडी. तिथले लोक चाकाच्या खाचेतली माती, रेडिएटरमध्ये अडकलेलं बी, किडा, काहीही खपवून घेत नाहीत, बंदरातच अडवून ठेवतात. त्यांच्यासाठी टँकर मागवतात, कोपऱ्यात सिमेंटचा उतार आणि प्रेशरचं मशीन आहे, पैसे वेगळे. चाकांवरच्या घरांमधल्या संडासाची टाकी रिकामी करायला स्वतंत्र झाकणाचं चेंबर आहे आणि त्यावर चित्र काढलंय, कारण सूचना किती भाषांत लिहिणार. युरोपातल्या गाड्यांचा वीज घ्यायचा निळा गोल प्लग असतो, आपल्या सॉकेटमध्ये तो जात नाही. दादांनी त्याच्या जोडण्या करून खांबावर लावल्यात, प्रत्येकीला वेगळा एमसीबी. एका गाडीचा एसी जास्त ओढायला लागला तर तिचाच दिवा जातो, आमच्या पंख्याला धक्का नाही.

जेवणघरात एक काळा फळा आहे. त्यावर पाहुण्याचा देश, गाडी, बोट, आणि शेवटच्या रकान्यात "कुठे अडलंय". सीएफएसमध्ये (म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनरच्या गोदामात), तपासणी बाकी, बोट लांबली, कटऑफ चुकला (म्हणजे कंटेनर बंदरात पोचवायची शेवटची वेळ हुकली). हे गेस्टहाऊस त्या शेवटच्या रकान्यावर चालतं. अशा प्रवाशाला तारीख कधीच पक्की सांगता येत नाही. एका जर्मन जोडप्याची गाडी युरोपला परत जायची होती. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३च्या अखेरीपासून बऱ्याच कंपन्यांची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, त्यामुळे बोटींचं वेळापत्रक म्हणजे पूर्वीच्या आमच्या गुहागर-मुंबई रातराणीसारखं झालंय, येईल तेव्हा खरी. ती दोघं रोज सकाळी फळ्यासमोर उभी राहायची आणि मग पत्ते कुटायला बसायची.

म्हणून वहिनी तारखेचं बुकिंग घेतच नाहीत. सात दिवसांचे पैसे एकदम घेतात, आधी निघालात तर उरलेले परत, लांबलं तर पुढचे रोजचे रोज. आणि सगळ्यांना एकच ताकीद: कंटेनर बोटीवर चढल्याचा कागद हातात येईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका. मी माझ्याकडे "रद्द केल्यास पैसे परत नाहीत" अशी पाटी लावून बसले आहे आणि वर्षातून दोनदा त्यावरून भांडते. इथे पैसे परत देऊनही बाईच्या खोल्या भरलेल्या, कारण निघतो म्हणालेले निम्मे परत येतातच.

गाडी उभी ठेवून माणसं अजिंठा-वेरूळला, हंपीला रेल्वेने जाऊन येतात, तेव्हा फक्त उभ्या गाडीचं भाडं. मात्र परदेशी गाडीचा मालक देशच सोडून चालला असेल, तर कस्टमचा कागद दाखवल्याशिवाय दादा गाडी ठेवून घेत नाहीत. परदेशी गाडी भारतात येते ती कारनेवर, म्हणजे गाडीच्या पासपोर्टवर. ते पुस्तक मी पहिल्यांदा इथेच नीट पाहिलं. प्रत्येक पानाचे तीन तुकडे. देशात शिरताना खालचा तुकडा कस्टमवाला फाडून घेतो, बाहेर पडताना मधला, आणि वरचा शिक्के घेऊन पुस्तकातच राहतो. बाहेर पडल्याचा शिक्का राहिला तर कागदोपत्री गाडी त्या देशातच अडकली, आणि पुस्तक काढताना ठेवलेले हमीचे पैसे धोक्यात. आमचंही पुस्तक होतं, केनियासाठी, म्हणून दादांनी टेबलावर पसरून यांना पान न पान दाखवलं. मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी दादा काय करतात ते मी शेजारी उभं राहून बघितलं. चासीवर कोरलेला नंबर, १७ अक्षर-अंकांचा, चिखल आणि रंगाखाली कुठेतरी दडलेला असतो. तारेच्या ब्रशने ती जागा घासली, डिझेलच्या बोळ्याने पुसली आणि कोरड्या फडक्याने सुकवली. मग शाळेतला पांढरा खडू आडवा धरून त्यावरून फिरवला आणि हातानेच वरची भुकटी झटकली. खाचांत खडू बसला आणि नंबर असा उठून दिसला की चष्म्याशिवाय मीही वाचला. मग त्याचा फोटो, आणि एक एक अंक मोठ्याने म्हणत कागदाशी ताडून बघणं. अधिकारी उन्हात वाकून नंबर शोधतो, त्याला तो दिसत नाही, आणि तपासणी उद्यावर जाते. या एका खडूने लोकांचे किती दिवस वाचले असतील कोण जाणे.

हल्ली परदेशी पाहुणे वाढलेत त्याचं कारणही दादांनीच सांगितलं. पूर्वी युरोपातून निघालेला माणूस इराण, पाकिस्तान करत वाघ्याला यायचा. एप्रिल २०२५मध्ये अटारीची चौकी बंद झाली, आणि म्यानमारमधून पुढे जायची वाट तर त्याआधीच मिटली होती. मग दुबईच्या बाजूने बोट धरायची आणि इकडे उतरायचं. बाइका लाकडी पेटीत येतात. परत जाताना तीच पेटी चालत नाही म्हणून तळमळणारे दोघं तिघं पाहिले. लाकूड उष्णतेची प्रक्रिया केलेलं हवं आणि त्यावर आयएसपीएम १५चा, म्हणजे लाकडातून कीड देशोदेशी जाऊ नये म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा, शिक्का हवा. दादा शिक्क्याचंच लाकूड मागवतात. बाद पेट्यांची अंगणातली बाकं झाली आहेत, त्यांवर बसून भाज्या निवडल्या जातात.

बाईकवाल्यांना उतरल्याबरोबर एक नकाशा दिला जातो, हाताने काढलेला. फोनमधला नकाशा मुंबईला जायला खुशाल अटल सेतू दाखवतो, आणि त्या पुलावर दुचाकीला बंदी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही बंदी. तेव्हा मुंबईला सायन-पनवेल रस्त्याने, पुण्याला जुन्या रस्त्याने खोपोलीवरून बोरघाट चढून, आणि गोव्याला पेण-वडखळ करत. मुंबईत नुसतं काम असेल तर बाईक ठेवा आणि उरण लाइनची लोकल पकडा, असं खाली लिहिलंय. शहाणपणाचं आहे.

परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते, लोक ज्याला सी-फॉर्म म्हणतात तो. तो दादांची लेक भरते, कॉलेजातून आल्यावर. पासपोर्ट, व्हिसा, फोटो मागून घेते आणि तोवर त्यांना खोलीची चावी देत नाही, सरबत देते. मी गुहागरला परदेशी पाहुणा म्हटला की टाळत होते ते याच कामाच्या भीतीने. तिने मला बसवून दाखवलं, फार अवघड नाही. आम्हाला मात्र तिने दुसरंच विचारलं: पिवळ्या तापाची लस घेतली का? केनियातून परत येताना तिचा दाखला लागतो आणि लस दहा दिवस आधी घ्यावी लागते. आमची झाली होती. शेजारच्या खोलीतल्या मुलाची नव्हती, त्याची धावपळ सुरू झाली.

जेवण घरचं आणि आगरी. तांदळाची भाकरी, सुक्या वाकटीचं कालवण, सोडे घातलेली वांगी, कधी जिताडा. तिखट. खोबरं आमच्याइतकं नाही, आणि ते मला पहिल्या दिवशी खटकलं, नंतर नाही. भाकऱ्या वहिनी आणि त्यांच्या सासूबाई थापतात, पाण्याचा हात लावून, हातावरच. परदेशी पाहुण्यांसाठी वेगळं फिकं काही करत नाहीत, फक्त भात आणि दही जवळ सरकवतात, आणि आश्चर्य म्हणजे माणसं खातात. शाकाहाऱ्यांचं मात्र कठीण आहे. डाळ, भात आणि एक बटाट्याची भाजी, रोज. सकाळचा नाश्ता तर मला पटलाच नाही. ज्या घरात असा तांदूळ आहे, तिथे पाहुण्याला ब्रेड-बटर का? मी एका सकाळी चुलीचा ताबा घेतला आणि घावनं घातली. संपली. वहिनींनी पीठ किती पातळ ते विचारून घेतलंय, तेव्हा तुम्ही जाल तोवर बदललेलं असेल अशी आशा ठेवा.

दर असे: दोघांची खोली १८०० रुपये, अंगणात गाडीतच किंवा तंबूत झोपायचं तर गाडीमागे ७००, उभ्या गाडीचे २००, जेवण माणशी २५०. चेनकुप्पी आणि हत्यारांचे पैसे नाहीत. दादांनी गाडी बांधायला यार्डात सोबत यायचं तर त्याचे वेगळे, आणि ते द्याच. चाकांना ठोकळे ठोकून, पट्टे ताणून, बॅटरीची तार काढून कंटेनरचं दार लागेपर्यंत ते हलले नाहीत, आणि सीलचा नंबर आमच्याआधी त्यांनी टिपला. धुण्याचे नगाला ४० रुपये घेतात, हे फार झालं, मी माझे कपडे मोरीवर स्वतः धुतले.

स्वतःची मच्छरदाणी न्या. फोन दुपारी दोन ते चारच्या दरम्यान करू नका, त्या वेळी वहिनी झोपतात आणि दादा उचलतात, आणि दादांना दर विचारला की ते दर वेळी वेगळा सांगतात.